पॉवर बँकवर रात्रभर कॅमेरा: एमएएच विसरा, वॉट-अवर मोजा

(हे या भागाचं लिखित रूप आहे. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून ते इथे नीट मांडलेत. बाकी बोलणं जसं होतं तसंच ठेवलंय.)

 

आजचा भाग एका प्रश्नावरून निघाला. एका श्रोत्याने विचारलं, "दादा, माझ्या कॅमेऱ्याची बॅटरी ८६० एमएएचची आहे आणि घरात २०,००० एमएएचची पॉवर बँक आहे. म्हणजे कॅमेरा तेवीसपट वेळ चालेल ना? मग रात्रभर ताऱ्यांचे फोटो काढता येतील."

प्रश्न झकास आहे आणि भागाकारही बरोबर आहे. पण उत्तर तेवीस नाही, साधारण नऊ आहे. तेवीसाचे नऊ कसे झाले, हे एकदा कळलं की रात्रीच्या फोटोग्राफीतला विजेचा जवळजवळ सगळा गोंधळ मिटतो. किती मोठी पॉवर बँक घ्यायची, कुठली केबल लावायची, काय चुकूनही जोडायचं नाही, हे सगळं त्यातूनच निघतं. तर आज तेच करू.

बॅटरी बदलली तर बिघडतं काय?

आधी हे बघू, कारण बरेच जण म्हणतात, "दोन बॅटऱ्या जास्तीच्या ठेवायच्या, संपली की बदलायची." लग्नात, ट्रेकमध्ये, गणपतीत हे चालतं. ताऱ्यांना चालत नाही.

स्टार ट्रेलचा फोटो तुम्ही पाहिला असेल. ध्रुवताऱ्याभोवती गोल गोल रेषा असतात तो. हा एक फोटो नसतो. साधारण ३० सेकंदांचे शेकडो फोटो एकामागोमाग काढायचे आणि नंतर कॉम्प्युटरवर किंवा फोनवर एकावर एक रचायचे. चार तासांचे ४८० फोटो होतात.

आता गणित बघा. पृथ्वी २४ तासांत एक फेरी मारते, म्हणजे तासाला १५ अंश. दोन मिनिटांत अर्धा अंश. आणि पौर्णिमेचा चंद्र आपल्याला आकाशात जेवढा दिसतो, त्याची रुंदीही अर्धा अंशच आहे. म्हणजे अंधारात चाचपडत तुम्ही बॅटरी बदलायला दोन मिनिटं घेतलीत, तर ध्रुवताऱ्यापासून लांबच्या ताऱ्यांच्या रेषेत चंद्राएवढी फट पडते. त्यात बऱ्याच कॅमेऱ्यांचं बॅटरीचं झाकण खालच्या बाजूला असतं, ट्रायपॉडच्या प्लेटला अगदी खेटून. ते उघडायला कॅमेरा ट्रायपॉडवरून काढावा लागतो. परत लावलात तरी तो तसूभर हललेला असतोच, आणि मग आधीच्या आणि नंतरच्या रेषा जुळत नाहीत. तोपर्यंतची रात्र एका बाजूला, नंतरची दुसऱ्या बाजूला.

म्हणून मुद्दा जास्तीच्या बॅटरीचा नाही, न तुटणाऱ्या विजेचा आहे.

कॅमेरा रात्री एवढं खातो का?

खातो. खोक्यावर लिहिलेलं असतं "एका चार्जमध्ये ५०० फोटो". हा आकडा एका ठरलेल्या चाचणीतून येतो: खोलीचं तापमान २३ अंशांच्या आसपास, दर ३० सेकंदांनी एक फोटो, मधूनमधून कॅमेरा बंद-चालू. प्रत्येक फोटोला शटर क्षणभर उघडतं. आपण काय करतो? शटर ३० सेकंद उघडं ठेवतो, एक सेकंद मिटतो, परत ३० सेकंद उघडतो. सेन्सर एक मिनिटही झोपत नाही. म्हणून त्या ५०० चा इथे काही उपयोग नाही. रात्री फोटो मोजायचे नाहीत, तास मोजायचे.

वीज वाचवायचे सोपे उपाय आधी करून घ्या, त्यांना पैसे लागत नाहीत. स्क्रीनवर फोटो दाखवणं बंद. वायफाय आणि ब्लूटूथ बंद. ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझेशन बंद. ऑटोफोकस बंद, ताऱ्यावर हाताने फोकस. आणि 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' बंद. हा पर्याय चालू असला की ३० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा शटर मिटून तेवढाच वेळ आणखी एक काळा फोटो काढतो. वीज दुप्पट जाते आणि रेषेत फटी पडतात त्या वेगळ्याच.

आता तेवीसाचे नऊ

माझ्याकडे कॅनन १५००डी आहे. कॉलेजच्या पोरांकडे हा खूप दिसतो, म्हणून उदाहरण त्याचंच घेतो. त्याच्या बॅटरीचं नाव एलपी-ई१०. तिच्यावर छापलेलं असतं ७.४ व्होल्ट, ८६० एमएएच. पॉवर बँकवर छापलेलं असतं २०,००० एमएएच, आणि शेजारी बारीक अक्षरात ३.७ व्होल्ट.

सगळी गंमत त्या बारीक अक्षरात आहे.

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा विचार करा. एमएएच म्हणजे टाकीत पाणी किती आहे. व्होल्ट म्हणजे टाकी किती उंचावर आहे. त्या पाण्याकडून काम किती होईल, हे दोन्हींवर ठरतं. पॉवर बँकची टाकी मोठी आहे, पण ती कॅमेऱ्याच्या टाकीच्या निम्म्याच उंचीवर बसवलेली आहे. म्हणून नुसत्या पाण्याची तुलना करून भागत नाही. पाणी गुणिले उंची करायचं. त्या गुणाकाराला म्हणतात वॉट-अवर.

कॅमेऱ्याची बॅटरी: ०.८६ गुणिले ७.४, म्हणजे साधारण ६.४ वॉट-अवर.

पॉवर बँक: २० गुणिले ३.७, म्हणजे ७४ वॉट-अवर.

७४ भागिले ६.४ केलं की साडेअकरा येतात. तेवीसाचे इथेच साडेअकरा झाले. उरलेले अडीच कुठे गेले? उष्णतेत. पॉवर बँक आतल्या ३.७ व्होल्टचे ५ किंवा ९ व्होल्ट करते, पुढे त्याचे परत कॅमेऱ्याला हवे तेवढे व्होल्ट होतात. प्रत्येक बदलात थोडी वीज गरम होऊन उडते. मी हिशेबात २० टक्के तूट धरतो. साडेअकराचे झाले नऊ.

एक पडताळा सांगतो. पॉवर बँक उलटी करून बघा. बऱ्याच कंपन्या 'रेटेड कपॅसिटी' नावाचा दुसरा आकडा छापतात, तो २०,००० पेक्षा बराच कमी असतो आणि पुढे ५ व्होल्ट लिहिलेलं असतं. तो आकडा खरा. समजा १२,००० आहे, तर १२ गुणिले ५, म्हणजे ६० वॉट-अवर प्रत्यक्षात बाहेर येणार. आणि हो, बीआयएसची नोंदणी खूण आहे का तेही बघून घ्या. आपल्याकडे पॉवर बँकला ती सक्तीची आहे. रात्रभर पिशवीत चालू राहणारी वस्तू आहे, बेनावाची घेऊ नका.

तुमचा कॅमेरा किती वॉट घेतो?

हे इंटरनेटवर शोधत बसण्यापेक्षा घरी मोजा. कॅमेऱ्याची स्वतःची बॅटरी पूर्ण चार्ज करा. कॅमेरा टेबलावर ठेवा, लेन्सवर टोपी राहू द्या, ३० सेकंदांचे फोटो एकामागोमाग लावून द्या आणि घड्याळ बघा. बॅटरी किती वेळात संपली? समजा ६.४ वॉट-अवरची बॅटरी दोन तास दहा मिनिटं चालली. ६.४ भागिले २.१७, म्हणजे जवळपास ३ वॉट. बस्स. हा तुमच्या कॅमेऱ्याचा आकडा. वहीत लिहून ठेवा, आयुष्यभर कामाला येईल.

आता सहा तासांच्या रात्रीचा हिशेब. ३ वॉट गुणिले ६ तास, १८ वॉट-अवर. तूट धरून, म्हणजे ०.८ ने भागून, साडेबावीस. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकमध्ये ३७ असतात. म्हणजे तुमच्या खिशात आज जी साधी पॉवर बँक आहे, तीच पुरते! मोठी घ्यायची घाई करू नका. थांबा मात्र, यात एक पाहुणा अजून यायचाय. त्याच्याकडे येतोच.

वीज कॅमेऱ्यात शिरणार कुठून?

इथे तीन रस्ते आहेत.

पहिला रस्ता, थेट यूएसबी-सी. नवीन मिररलेस कॅमेऱ्यांमध्ये हा असतो. पण मॅन्युअलमध्ये एक गोष्ट नीट वाचा: 'चार्जिंग' आणि 'पॉवर सप्लाय' हे दोन वेगळे शब्द आहेत. काही कॅमेरे यूएसबीवर चार्ज होतात, पण बंद असतानाच. निकॉनचा पहिला झेड ६ असा आहे. त्याच्यानंतरचा झेड ६ टू चालू असतानाही वीज घेतो. नावात एका आकड्याचा फरक आणि रात्रीचा निकाल वेगळा. बऱ्याच कॅमेऱ्यांना पॉवर बँकही 'पीडी'वाली लागते. पीडीमध्ये पॉवर बँक आणि कॅमेरा आधी आपसात बोलतात आणि ५ व्होल्ट द्यायचे की ९, हे ठरवतात. साधी पॉवर बँक हे बोलणं करू शकत नाही, मग कॅमेरा तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. केबलही दोन्ही टोकांना सी असलेली लागते. आणि आतली बॅटरी काढू नका. केबल निघाली तर तीच सांभाळून घेते.

दुसरा रस्ता, डमी बॅटरी. १५००डी सारख्या डीएसएलआरना यूएसबीवरून वीज घेता येत नाही. त्यांच्यासाठी बॅटरीच्याच आकाराचं एक प्लास्टिकचं खोकं मिळतं. आत सेल नसतात, नुसते संपर्काचे पत्रे असतात आणि एक वायर बाहेर येते. झाकणाजवळ एक छोटं रबरी दार असतं, तिथून ती वायर बाहेर काढायची. इतके दिवस ते दार कशासाठी आहे असा प्रश्न पडला असेल, तर हे उत्तर. कंपन्यांची स्वतःची डमी मिळते: एलपी-ई१० साठी कॅननची डीआर-ई१०, निकॉनच्या ईएन-ईएल१४ साठी ईपी-५ए. इतर कंपन्यांच्या स्वस्तही मिळतात, त्यांच्या वायरीतच यूएसबीचे व्होल्ट वाढवून कॅमेऱ्याला हवे तेवढे करणारा छोटा सर्किट बोर्ड असतो.

किती व्होल्ट हवे असतात? डीएसएलआरच्या बॅटरीत दोन लिथियम सेल एकापुढे एक असतात. पूर्ण चार्ज झाल्यावर ते ८.४ व्होल्ट देतात, संपत आल्यावर सातच्याही खाली जातात. कॅमेरा या पट्ट्यात काम करायला बनवलेला आहे. म्हणून डमीला साधारण ७.४ ते ८ व्होल्ट द्यायचे. त्यापेक्षा वर जायचं नाही.

डमी बॅटरीचा एक तोटा लक्षात ठेवा. कॅमेऱ्याला आपण बॅटरीवर आहोत असंच वाटतं, पण उरलेला चार्ज त्याला कळत नाही. पट्टी कायम भरलेली दिसते आणि पॉवर बँक संपली की कॅमेरा फटकन बंद. त्या क्षणी कार्डवर फोटो लिहिला जात असेल तर फाइल खराब होऊ शकते. म्हणून लक्ष कॅमेऱ्याच्या पट्टीवर नाही, पॉवर बँकच्या दिव्यांवर ठेवायचं.

तिसरा रस्ता, १२ व्होल्टची बॅटरी. यूपीएसमध्ये असते ती लेड-ॲसिड, १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवर. दुर्बिणीची मोटर चालवायला हौशी लोक ती वर्षानुवर्षं वापरत आलेत. हिशेब बघा: १२ गुणिले ७, ८४ वॉट-अवर. पण लेड-ॲसिड अर्ध्यापेक्षा जास्त रिकामी केली की लवकर म्हातारी होते, म्हणजे वापरायच्या ४२ च. वजन दोन किलोच्या वर. २०,००० ची पॉवर बँक तिच्यापेक्षा जास्त वीज देते आणि वजन अर्ध्या किलोच्या आसपास.

माझ्यासारख्याला हे वजन फार महत्त्वाचं आहे. कारण मी करावे गावात राहतो आणि गाडी नाही. सीवूड्स-दारावेहून ठाण्याला, तिथून कर्जतची लोकल, मग वांगणी. पाठीवर ट्रायपॉड, कॅमेरा, पाणी, डबा. त्यात दोन किलोची बॅटरी कोण नेणार?

तरीही १२ व्होल्ट वापरायचेच असतील, तर मधे व्होल्ट कमी करणारं बक कन्व्हर्टर हवंच. लॅमिंग्टन रोडवर ते सहज मिळतं. पण कॅमेरा जोडायच्या आधी चार गोष्टी. मल्टिमीटर लावून स्क्रू फिरवत ७.६ किंवा ७.८ व्होल्ट सेट करा. मग त्या स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका, म्हणजे पिशवीत तो आपोआप फिरणार नाही. बॅटरीच्या प्लसला लागूनच ३ अँपिअरचा फ्यूज बसवा. आणि प्लस-मायनस दोनदा तपासा. उलटं जोडलंत किंवा १२ व्होल्ट थेट दिलेत, तर कॅमेऱ्याचा आतला बोर्ड जाऊ शकतो, आणि वॉरंटीवाले ते मान्य करणार नाहीत. पीडीच्या पॉवर बँकमधून ९, १२, २० व्होल्ट काढून देणाऱ्या 'ट्रिगर' केबल मिळतात, त्यांनाही हेच लागू. ती केबल थेट डमीला जोडायची नाही.

सोल्डरिंगची सवय नसेल, तर माझा सरळ सल्ला आहे: हा रस्ता सोडा. पहिल्या पगारातून किंवा घरच्यांनी जमवून घेतलेला कॅमेरा आहे, त्याच्यावर प्रयोग नको. दुसऱ्या रस्त्याने तीच रात्र मिळते.

पॉवर बँक मधेच झोपते तेव्हा

सगळं नीट जोडलं, व्होल्ट बरोबर, वॉट-अवर भरपूर. तरी तासाभराने जाऊन बघावं तर कॅमेरा बंद, आणि पॉवर बँकचे चारही दिवे भरलेले! हे सगळ्यात जास्त वेळा होतं आणि बिघाड कशातच नसतो.

पॉवर बँक फोनसाठी बनवलेली आहे. फोन पूर्ण भरला की तो वीज घेणं जवळपास थांबवतो. पॉवर बँकला वाटतं काम झालं, ती स्वतःला बंद करून घेते. आता तुम्ही टाइमलॅप्ससाठी दर पाच मिनिटांनी एक फोटो लावलाय. मधल्या वेळात कॅमेरा अगदी कमी वीज घेतो. पॉवर बँक म्हणते, "चला, झोपू." आणि वीज तुटते.

उपाय तीन. एक, फोटोंमधलं अंतर कमी ठेवा आणि कॅमेऱ्याचा 'ऑटो पॉवर ऑफ' बंद करा. दोन, काही पॉवर बँकमध्ये कमी विजेच्या उपकरणांसाठी वेगळा मोड असतो, इयरफोन आणि घड्याळं चार्ज करायला दिलेला. बटण दोनदा किंवा जास्त वेळ दाबून तो सुरू होतो. तीन, दुसऱ्या पोर्टला काहीतरी सतत वीज खाणारं लावा. पण दिवा नको, अंधार घालवायचा नाही आपल्याला. तिथे लावायचा तो मघाशी म्हटलेला पाहुणा. आता त्याच्याकडे जाऊ.

त्याआधी एकच. शूट चालू असताना त्याच पॉवर बँकला मधेच फोन लावू नका. बऱ्याच पॉवर बँक दुसरं उपकरण लागलं की सगळ्या पोर्टचं वाटप नव्याने करतात आणि क्षणभर वीज तोडतात. फोनला तो क्षण जाणवत नाही. डमी बॅटरीवरचा कॅमेरा मात्र बंद पडतो. फोनसाठी वेगळी छोटी पॉवर बँक ठेवा.

पाहुणा: दव

करावे खाडीकाठी आहे. पावसाळा संपला की ऑक्टोबरपासून आकाश मोकळं होतं, पण हवेतला ओलावा जात नाही. उघड्या आकाशाकडे तोंड करून ठेवलेली लेन्स रात्री आपली उष्णता आकाशाला देते आणि भोवतालच्या हवेपेक्षा गार होते. गार ग्लासावर बाहेरून पाणी साचतं, तसंच लेन्सवर दव साचतं. पहिले शंभर फोटो स्वच्छ, पुढचे सगळे दुधाळ. हे वांगणीलाही होतं, माळशेजलाही होतं.

त्यावर उपाय म्हणजे लेन्सला गुंडाळायचा हीटरचा पट्टा. यूएसबीवर चालतो, साधारण ५ वॉट घेतो. लेन्स हवेपेक्षा किंचित गरम राहिली की दव बसत नाही. आणि हा पट्टा सतत वीज घेत असल्यामुळे पॉवर बँकही झोपत नाही. एका दगडात दोन पक्षी.

पण हिशेब बघा. ५ वॉट गुणिले ६ तास, ३० वॉट-अवर. कॅमेऱ्याचे होते १८! म्हणजे पाहुणा यजमानापेक्षा जास्त जेवतो. दोघांचे मिळून ४८, तूट धरून ६०. आता मात्र १०,००० ची पॉवर बँक पुरणार नाही, २०,००० ची हवी. मोठी पॉवर बँक लागते ती कॅमेऱ्यासाठी नाही, दवासाठी. हे बहुतेक जणांच्या लक्षात येत नाही. पट्टा सगळ्यात कमी तापमानावर ठेवलात, किंवा दव पडायला लागल्यावरच चालू केलात, तर यातली बरीच वीज वाचते.

करावेतून काय मिळेल, काय नाही

नवी मुंबईच्या उजेडात आकाशगंगा दिसणार नाही, कितीही वॉट-अवर असले तरी. त्यासाठी वांगणी, माळशेज, भंडारदरा गाठावं लागतं. १९८५ साली, हॅलेच्या धूमकेतूच्या दिवसांत सुरू झालेलं खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेत आलंय. पहिल्यांदा जाणाऱ्याने एकट्याने शेतात जाऊन बसण्यापेक्षा अशा कार्यक्रमाला जावं. विदर्भातल्या मंडळींचं नशीब अजून चांगलं: नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली.

पण शहरातही काम आहे. स्टार ट्रेल गच्चीवरून होतात. आपण १९ अक्षांशावर आहोत, म्हणून ध्रुवतारा उत्तरेला क्षितिजापासून १९ अंशांवर असतो. हात लांब करून मूठ धरा, एक मूठ म्हणजे सुमारे १० अंश. क्षितिजापासून दोन मुठी वर, तिथे ध्रुवतारा. समोर टॉवर आला तर दुसरी गच्ची शोधा.

खाडीच्या कडेला ट्रायपॉड लावणाऱ्यांसाठी मात्र एक सूचना. आपण काळोख हवा म्हणून अमावस्या निवडतो. आणि अमावस्येलाच उधाण असतं. आमच्याकडच्या जुन्या कोळ्यांचा ठोकताळा आहे: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास. अमावस्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. म्हणजे तुमची सगळ्यात काळी रात्र आणि सगळ्यात मोठी भरती, दोन्ही मध्यरात्रीच्या आसपास एकत्र येतात. ठोकताळा तो ठोकताळा, निघण्याआधी भरतीचं वेळापत्रक बघाच. चिखलात उतरू नका, पॉवर बँक जमिनीवर ठेवू नका, पिशवीत घालून ट्रायपॉडच्या मधल्या हुकला अडकवा. खाऱ्या पाण्याचा एक शिंतोडा यूएसबीच्या तोंडाला पुरेसा असतो. पिशवीच्या वजनाने ट्रायपॉडही स्थिर राहतो. आणि पाणथळीजवळ फ्लेमिंगो असतील तर टॉर्च मारू नका. त्यांची झोप आपल्या फोटोपेक्षा मोलाची.

कॅमेरा नाही, फोनच आहे?

फोन स्टँडवर लावून नाइट मोडने तारे टिपता येतात. पण चार्जिंग चालू असताना फोन तापतो, आणि तापलेल्या सेन्सरवर रंगीत ठिपके वाढतात. म्हणून आधी पूर्ण चार्ज करा, शूटच्या वेळी केबल लावायचीच झाली तर फास्ट चार्जिंग बंद करा. फोनला एअरप्लेन मोडवर टाका, स्क्रीनचा उजेड तळाला न्या. आणि फोनचं कव्हर काढा.

तारीख लिहून ठेवा

हे सगळं कशासाठी? काही रात्री परत मिळत नाहीत म्हणून. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री भारतातून खग्रास चंद्रग्रहण दिसणार आहे. मध्य साधारण रात्री साडेदहाच्या आत-बाहेर, खग्रास अवस्था तासाभराहून जास्त, आणि चंद्र आकाशात चांगलाच वर. त्याला काळोखं गाव लागत नाही, करावेतल्या गच्चीवरूनही दिसेल. खंडग्रास सुरू झाल्यापासून सुटेपर्यंत साडेतीन तास, दर पाच मिनिटांनी एक फोटो. म्हणजे अगदी तीच परिस्थिती, जिथे पॉवर बँक झोपते. सगळं गाव नववर्षाच्या पार्टीत असताना तुमचा कॅमेरा जागा राहायला हवा.

तोवर सरावाला रात्री भरपूर आहेत. दर वर्षी १३-१४ डिसेंबरला मिथुन राशीतून उल्कावर्षाव होतो, तो धरा. पण कुठल्याही रात्रीआधी घरी एक रंगीत तालीम करा. तीच पॉवर बँक, तीच केबल, तीच डमी, तोच पट्टा. संध्याकाळी सातला लावा, रात्री एकला बघा. फोटो सलग आहेत का? पॉवर बँकचे किती दिवे उरले? घरात जे चाललं तेच बरोबर न्या. केबल ऐनवेळी बदलू नका, मित्राची तर अजिबात नाही.

आणि तीन आकडे आजच वहीत लिहा: तुमच्या बॅटरीचे वॉट-अवर, कॅमेऱ्याचे वॉट, पॉवर बँकचे खरे वॉट-अवर. विमानाने जाणाऱ्यांनाही हाच आकडा विचारतात: १०० वॉट-अवरपर्यंतची पॉवर बँक केबिन बॅगेत चालते, चेक-इनमध्ये नाही.

आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या भागात ताऱ्यावर हाताने फोकस कसा लावायचा ते बघू. तोवर पॉवर बँक उलटी करून ती बारीक अक्षरं वाचा. भेटूच!